ताबा दिला म्हणजे नौका विकली असं नाही

मासेमारी नौका विकायची किंवा घ्यायची असेल तर ती जूनमध्ये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. नौका किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेल्या असतात, पठाणापासून, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडापासून, केबिनच्या छतापर्यंत सगळं लाकूड उघडं दिसतं. विकणारा, घेणारा, तांडेल (नौकेवरचा प्रमुख), मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव आणि मत्स्यव्यवसाय खात्याचे परवाना अधिकारी हे सगळे एकाच वेळी जमिनीवर सापडतात, ते वर्षातून याच दोन महिन्यांत. ऑक्टोबरमध्ये केलेल्या सौद्यात नौका समुद्रात असते, तपासणीची तारीख जुळत नाही, आणि कागद पुरा व्हायच्या आत हंगाम अर्धा संपतो.

खाली लिहिलंय ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सहा सिलेंडरच्या, लाकडी पण बाहेरून फायबर चढवलेल्या गिलनेट (उभ्या जाळ्यात मासा अडकवणाऱ्या) नौकेच्या मालकीबदलावरून. लिहिणाऱ्यांत विकणाऱ्या बाजूचेही आहेत आणि घेणाऱ्या बाजूचेही. या कामात कागद अडतो तो दोन्हीकडून अडतो.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. नौकेला दोन वेगळे कागद असतात आणि बंदरावर बोलताना आपण दोन्हींना ‘लायसन’च म्हणतो. पहिला कागद नोंदणीपत्र. नौका कोणाची, किती लांब-रुंद, कशाची बांधलेली, इंजिन कोणतं, हे तो सांगतो. याचं मूळ १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात आहे. दुसरा मासेमारी परवाना, तो १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या राज्याच्या पाण्यात त्या नौकेने कोणत्या जाळ्याने मासे धरायचे ते त्यावर असतं. मालकीबदलात नोंदणीपत्रावरचं नाव बदलतं. परवाना मात्र जुन्या मालकाच्या नावचा असतो, तो आपोआप सरकत नाही. नव्या मालकाने आपल्या नावाने काढायचा असतो, आणि तो हाती येईपर्यंत जाळं पाण्यात टाकायचं नाही.

पर्ससीनच्या, म्हणजे मासळीचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, बाबतीत हे फार महागात पडतं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयानंतर पर्ससीनच्या परवान्यांवर कडक मर्यादा आली. ‘पर्ससीन परवान्यासह नौका’ अशी बोली करून कोणी दोन-चार लाख वर मागत असेल, तर ते पैसे देण्याआधी परवाना कार्यालयात त्या परवान्याचं काय होणार ते लेखी विचारावं. नौका विकत मिळते, परवाना विकत मिळत नाही. तसंच नौकेवर मोठा जनरेटर आणि एलईडी दिव्यांचे स्टँड दिसले, तर ते किमतीत धरू नयेत. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. ते सामान नव्या मालकाच्या नावावर आल्यावर कारवाईही त्याच्याच नावावर येते.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या दिवशी नोंदणीपत्र हातात घेऊन नौकेभोवती फिरायचं. एक ओळ वाचायची, ती नौकेवर शोधायची, मग पुढची. आधी क्रमांक: आयएनडी, मग एमएच, मग जिल्ह्याचा अंक, मग एमएम, शेवटी नौकेचा स्वतःचा आकडा. एमएम म्हणजे आत बसवलेलं इंजिन असलेली यांत्रिकी नौका. मागे लावायच्या मोटरवर चालणाऱ्या होड्यांना तिथे एमओ असतं. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना आणि केबिनवर रंगवलेला क्रमांक कागदाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. रंगारी दरवर्षी जुन्या अक्षरांवरूनच ब्रश फिरवतो, त्यात तीनाचा आठ झालेला आम्ही पाहिला आहे. एकाच क्रमांकाच्या दोन नौका हा प्रकारही किनाऱ्याला नवा नाही. जुनी नौका मोडीत निघते, तिचा क्रमांक नव्या नौकेवर चढवला जातो, आणि ‘कागद सगळे आहेत’ म्हणून ती विकली जाते. म्हणून नौकेचं वय, बांधणीचं वर्ष आणि लाकडाची अवस्था यांचा मेळ डोळ्यांनी घालावा. कागदावर वीस वर्षांची नौका आणि समोर सहा-सात वर्षांच्या ताज्या सागाच्या फळ्या, असं दिसलं तर तिथेच थांबावं.

मापं घेताना नाळेच्या टोकावरून वाळूवर ओळंबा सोडायचा, तसाच मागच्या टोकावरून, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं. नौका कलती उभी असेल आणि तुम्ही वरच्या कडेवरून टेप धरलात, तर लांबी हमखास जास्त येते. रुंदी सगळ्यात फुगीर जागी, बाहेरच्या फळीपासून बाहेरच्या फळीपर्यंत. फायबर चढवलेल्या लाकडी नौकेत रुंदी कागदापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त भरते. ती का भरली ते तपासणीच्या वेळी सांगता यावं, म्हणून फायबरच्या कामाचं बिल फाइलला लावून ठेवावं.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते इंजिनावर. हंगामात इंजिन बंद पडलं की मालक मिळेल ते दुसरं इंजिन बसवतो आणि समुद्रात जातो. नोंदणीपत्रावर जुनाच क्रमांक राहतो, कधीकधी जुनी अश्वशक्तीही. वर्षानुवर्षं कोणाचं काही अडत नाही, अडतं ते विक्रीच्या दिवशी. आमच्या व्यवहारात हेच निघालं. कागदावरचं इंजिन आणि नौकेतलं इंजिन वेगळं होतं, आणि तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले.

इंजिनाचा क्रमांक कसा वाचायचा ते सविस्तर लिहितो, कारण यात चुकीचा एक आकडा पुढचे सगळे कागद नासवतो. ब्लॉकच्या बाजूला क्रमांक ठोकलेला असतो, आणि शिवाय रिबिट मारलेली एक पत्र्याची पाटी असते. भरवसा ब्लॉकवर ठोकलेल्या क्रमांकावर ठेवा, पाटी काढून दुसरीकडे बसवता येते. ठोकलेल्या क्रमांकावर रंगाचे थर आणि काळं तेल असतं. छिन्नी किंवा खरवडणी लावू नका, कडा मोडतात आणि मग क्रमांक मुद्दाम खोडल्यासारखा दिसतो. जुन्या बनियनच्या चिंधीला रॉकेल किंवा डिझेल लावून दहा मिनिटं ठेवावं, मग पुसावं, मग कोरडं करावं. त्यावर पातळ पांढरा कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. आकडे कागदावर उमटतात. असे तीन ठसे घ्यावेत, प्रत्येकावर तारीख आणि विकणारा-घेणारा दोघांच्या सह्या. एक ठसा करारनाम्याला, एक अर्जाच्या फाइलला, एक विमा कंपनीसाठी. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, आठ आणि ‘बी’ यांची गफलत मोबाइलच्या फोटोत कळत नाही. ठशात कळते.

क्रमांक जुळला नाही तर मालकीबदलाचा अर्ज करूच नये. आधी विकणाऱ्याने आपल्याच नावावर इंजिनबदलाची नोंद करून घ्यावी, मग मालकीबदल. दोन्ही एकत्र करायला गेलं की एका त्रुटीमुळे दुसरंही अडून राहतं. इंजिनबदलाला बिल लागतं. इंजिन दुकानातून घेतलेलं असेल तर दुबार बिल मिळतं. ते दुसऱ्या नौकेतून काढून आणलेलं असेल, तर ज्याच्याकडून घेतलं त्याची पावती, त्याच्या नौकेचा क्रमांक आणि त्याच्या नोंदणीपत्राची प्रत मिळवावी लागते. हे काम विकणाऱ्याचं. घेणाऱ्याने ‘मी बघून घेईन’ म्हणत ते अंगावर घेऊ नये. त्या माणसाला गाठायला विकणाराच उपयोगी पडतो, आणि पैसे मिळाल्यावर विकणाऱ्याला वेळ नसतो.

नौका आणि कागद जुळले की देणी. इथे पूर्ण एक दिवस द्यावा.

कर्जाचा बोजा नोंदणीपत्रावर असेल तर दिसतो. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून संस्थेमार्फत बांधलेल्या नौका आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांतल्या अनेकांची थकबाकी जुनी आहे. अशा नौकेला संस्थेचा नाहरकत दाखला आणि कर्ज फिटल्याचं पत्र दोन्ही लागतात. बँकेचं कर्ज असेल तर नुसतं ‘खातं बंद झालं’ हे पुरत नाही, नोंदणीपत्रावरचा तारणाचा शेरा काढून घ्यावा लागतो. कर्ज शिल्लक असेल आणि विक्रीच्या पैशातूनच फेडायचं असेल, तर घेणाऱ्याने तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरावी आणि करारात तसं लिहावं. अनुदानातून मिळालेल्या नौकेला विक्रीवर अटी असतात, त्या मंजुरीच्या पत्रात लिहिलेल्या असतात. ते पत्र मागून वाचावं.

पण मोठी देणी बहुतेक वेळा कुठल्याच सरकारी कागदावर नसतात. मासळीच्या व्यापाऱ्याची उचल, म्हणजे हंगामाआधी त्याने दिलेली आगाऊ रक्कम, ज्याच्या बदल्यात मासळी त्यालाच घालायची असते. बर्फाच्या कारखान्याची बाकी. संस्थेच्या डिझेल पंपावरची उधारी. जाळ्याच्या दुकानातलं खातं. कायद्याने हे सगळं माणसाचं देणं आहे, नौकेचं नाही. बंदरावर मात्र ते नौकेच्या नावाने मागितलं जातं. १ ऑगस्टला बर्फ भरायला गेल्यावर कारखानदार ‘आधी मागची बाकी’ म्हणतो, तेव्हा कायदा सांगून बर्फ मिळत नाही. म्हणून या चारही ठिकाणी विकणारा आणि घेणारा यांनी जोडीने जाऊन बाकीचा आकडा वहीत बघावा आणि ‘बाकी नाही’ किंवा ‘इतकी बाकी, ही विकणारा देणार’ असं दोन ओळींत लिहून घ्यावं.

खलाशांच्या उचलीबद्दल वेगळं सांगायला हवं. हंगाम सुरू व्हायच्या आधी खलाशी आणि तांडेल घरी पैसे पाठवायला उचल घेतात, ती वाट्यातून किंवा पगारातून कापली जाते. नौका जूनमध्ये विकली जाते तेव्हा एखाद्याची उचल फिटलेली नसते, तर एखाद्याचा हिशेब मालकाकडे बाकी असतो. विकणारा आणि घेणारा दोघंही हे एकमेकांवर ढकलतात आणि मधल्या मध्ये तो माणूस अडकतो. ज्यांच्या अंगमेहनतीवर ती नौका चालली, त्यांचा हिशेब सौद्याच्या आधी मिटवला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. प्रत्येकाच्या नावापुढे घेणं-देणं लिहून, त्याला वाचून दाखवून, सही किंवा अंगठा घेऊन तो कागद कराराला जोडावा. यासाठी एक संध्याकाळ पुरते.

मालक हयात नसेल तर थेट वारसांपैकी एकाकडून नौका घेऊ नये. आधी सगळ्या वारसांच्या नावे नोंद, किंवा बाकीच्यांच्या संमतीने एकाच्या नावे, आणि मग विक्री. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींच्या सह्या राहून गेल्या म्हणून अडलेले व्यवहार सगळ्यात लांब चालतात. नौका दोन भावांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या, एकाच्या सहीवर ‘दुसऱ्याची संमती आहे’ असं लिहून भागत नाही. १९८१ च्या अधिनियमाखाली नौकेवर एखादी कारवाई किंवा दंड बाकी आहे का, हेही परवाना कार्यालयात विचारावं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आहेत.

मग करार. आम्ही तो दोन टप्प्यांत केला आणि तसाच करावा असं सांगतो. १९५८ च्या कायद्यात मासेमारी नौकांविषयीचा जो भाग पुढे घातला गेला, त्यात पूर्वपरवानगीशिवाय नौकेचं किंवा तिच्यातल्या हिश्श्याचं हस्तांतरण केलं तर ते रद्दबातल ठरतं अशी स्पष्ट तरतूद होती. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला, तेव्हा ज्या दिवशी अर्ज करणार त्या दिवशी कोणता नमुना आणि कोणते जोडकागद चालतात ते परवाना कार्यालयातूनच घ्यावं, कोणाच्या मागच्या वर्षीच्या फाइलवरून नक्कल करू नये. परवानगी आधी आणि विक्री नंतर, हा क्रम मात्र धरून ठेवावा. त्यासाठी पहिला कागद विसार करार. त्यात विसाराची रक्कम (साधारण दहा टक्के पुरते), परवानगी मिळाल्यावर किती दिवसांत बाकी रक्कम द्यायची, आणि परवानगी नाकारली गेली तर विसार पूर्ण परत, हे तीन मुद्दे असले पाहिजेत. ताबा या टप्प्यावर द्यायचा नाही.

दुसरा कागद अंतिम विक्री करार. मुद्रांकाबद्दल बंदरावर ‘पाचशेचा बाँड पुरतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात साध्या करारांसाठी किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाला, त्यावरून हा समज आला आहे. विसार कराराला ते ठीक आहे. पण ज्या लेखाने मालकीच हस्तांतरित होते तो महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद २५ मध्ये येतो आणि जंगम मालमत्तेला तिथे ३ टक्के शुल्क आहे. नौका १४ लाखांना ठरली तर ४२,००० रुपये होतात. रक्कम मोठी वाटते, हे खरं. पण मुद्रांक कमी असलेला कागद पुढे वाद झाला तर पुराव्यात घेतला जात नाही, आधी फरक आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरावा लागतो. वरच्या उदाहरणात ४१,५०० च्या फरकावर महिन्याला ८३० रुपये. हा खर्च कोणी करायचा ते सौद्याच्या बोलीतच ठरवावं, सहसा घेणारा करतो. घर-जमिनीसारखी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी जंगम मालमत्तेला सक्तीची नाही. नोटरीसमोर सह्या आणि दोन साक्षीदार ठेवावेत. साक्षीदारांपैकी एक संस्थेचा पदाधिकारी असेल तर उत्तम.

किंमत एका आकड्यात लिहू नका. नौकेचा सांगाडा इतका, इंजिन आणि गिअरबॉक्स इतके, विंच इतकी, जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस इतके, नांगर, दोर, शीतपेट्या इतक्या. जाळी बहुधा वेगळ्या सौद्यात जातात. ती धरली असतील तर कोणती, किती नग, किती आसाची (जाळ्याच्या भोकाचं माप), हे लिहावं. अशी फोड केल्याने विमा आणि कर्जाचं मूल्यांकन सोपं होतं, आणि ‘फिश फाइंडर होता, आता दिसत नाही’ हा बंदरावरचा नेहमीचा वाद उरत नाही. कराराच्या मजकुरातलं एक कलम आम्ही असं लिहिलं होतं, ते उपयोगी पडेल:

‘सदर नौकेवर दिनांक … रोजी सायंकाळी … वाजेपर्यंत झालेल्या सर्व देण्यांची, दंडांची व दाव्यांची जबाबदारी लिहून देणार यांची राहील व त्यानंतरची लिहून घेणार यांची राहील. नवीन नोंदणीपत्र लिहून घेणार यांचे नावे मिळेपर्यंत सदर नौका मासेमारीसाठी समुद्रात नेली जाणार नाही.’

यातली वेळ महत्त्वाची आहे, नुसती तारीख नव्हे. आणि शेवटचं वाक्य विकणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. नाव बदलायच्या आत नौका समुद्रात गेली आणि अपघात झाला, खलाशी जखमी झाला किंवा दगावला, नौका बंदी असलेल्या क्षेत्रात पकडली गेली, तर पहिली विचारणा नोंदणीपत्रावरच्या नावाकडे येते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यासाठी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका पळवून वापरली गेली, तेव्हापासून समुद्रात दिसलेल्या नौकेचा मालक कोण, हा प्रश्न तटरक्षक दल आणि सागरी पोलीस हलक्यात घेत नाहीत, आणि तसंच असायला हवं.

पैसे बँकेतूनच. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड स्वीकारणाऱ्यावर, तेवढ्याच रकमेचा. तुकडे करून रोख घेतली तरी व्यवहार एकच धरला जातो. आरटीजीएस केल्यावर बँकेकडून आलेला व्यवहार क्रमांक करारात हाताने लिहून दोघांनी तिथे सही करावी.

अर्ज रिअलक्राफ्ट या संकेतस्थळावर होतो. देशभरातल्या मासेमारी नौकांची नोंदणी आणि परवाने तिथेच आहेत. नोंदणीपत्र, दोघांचे आधार आणि पॅन, करार, संस्थेचा नाहरकत दाखला, कर्ज नसल्याचं पत्र, नौकेचे दोन्ही बाजूंचे फोटो हे आधी स्कॅन करून ठेवावेत. फोटोत रंगवलेला क्रमांक स्वच्छ वाचता आला पाहिजे. शाकारलेल्या नौकेवर झावळ्या आणि प्लास्टिक असतं, ते बाजूला करून मगच फोटो काढा. त्रुटी निघतात त्या मुख्यतः नावाच्या. आडनाव आधारवर एका इंग्रजी स्पेलिंगने, नोंदणीपत्रावर दुसऱ्या, संस्थेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव गाळून. तिन्ही एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर एक फेरी वाचते. जुन्या नोंदीत मालकाचा बंद पडलेला मोबाइल क्रमांक असेल तर तोही आधी बदलून घ्यावा.

अर्जानंतर परवाना अधिकारी नौका पाहायला येतात. त्या दिवशी विकणारा हजर हवा, टेप हवी, इंजिनाचा खण उघडा हवा आणि क्रमांक पुसून ठेवलेला हवा. पावसात नौकेपर्यंत चिखल असतो, फळ्या टाकून वाट करून ठेवावी. तपासणीचा अहवाल गेला की फाइल जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाते. आमच्या अनुभवात तपासणी एका भेटीत झाली, वेळ गेला तो इंजिनाच्या नोंदीत आणि नावातल्या फरकात. हे दोन्ही घरी बसून आधी सुधारता आलं असतं.

गुजरातमधून किंवा गोव्यातून नौका आणत असाल तर हे सगळं आहेच, शिवाय तिथल्या नोंदणी कार्यालयाचा नाहरकत दाखला आणि नोंदणी इकडे वर्ग करणं आलं. क्रमांकातली राज्याची अक्षरं बदलतात, म्हणजे क्रमांकच बदलतो. जुन्या क्रमांकावर इकडे मासेमारी करता येत नाही. आणि प्रवासी किंवा सहलीची बोट असेल तर तिचा रस्ताच वेगळा, महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जाणारा. वर लिहिलेलं तिला लागू नाही.

नवं नोंदणीपत्र आलं की लोक नारळ फोडतात आणि फाइल बंद करतात. पण पाच-सहा जागी जुनंच नाव बसलेलं असतं. मासेमारी परवान्याचं वर सांगितलं. डिझेलच्या विक्रीकराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, तेव्हा घेणारा संस्थेचा सभासद हवा आणि नौका त्याच्या नावाने संस्थेच्या यादीत चढायला हवी. नाहीतर ऑगस्टचं डिझेल पूर्ण दराने भरावं लागतं. विम्याची पॉलिसी नौकेबरोबर चालत येत नाही. सागरी विम्याच्या कायद्यात मालकाने नौका विकली म्हणून त्याचे पॉलिसीतले हक्क घेणाऱ्याकडे जात नाहीत, तसा वेगळा करार लागतो. कंपनीकडून नाव बदललेलं पृष्ठांकन लेखी हातात येईपर्यंत नौका विम्याविनाच आहे असं धरावं.

संकटसूचक यंत्र, म्हणजे डॅट, हे सगळ्यात विसरलं जातं. त्याचा संकेत नौकेच्या आणि मालकाच्या नोंदीशी जोडलेला असतो. बटण दाबलं तर चेन्नईतल्या तटरक्षक दलाच्या केंद्रात तो पोहोचतो आणि तिथून संपर्क होतो तो नोंदीतल्या माणसाशी. नोंद बदलली नसेल तर वादळात अडकलेल्या नौकेची विचारणा होते घरी बसलेल्या जुन्या मालकाकडे, आणि त्याला नौका कोणत्या भागात, किती माणसांनिशी गेली आहे हे ठाऊक नसतं. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे नवे ट्रान्सपाँडर ऑगस्ट २०२४ पासून नौकांना दिले जाऊ लागले, त्यांचंही तसंच. नवा मालक, नवा मोबाइल, घरातला दुसरा मोबाइल, हे तिन्ही नोंदवून घ्यावं. एआयएस, म्हणजे नौकेची ओळख आणि जागा कळवणारं यंत्र, असेल तर त्याचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांकही. मग सागरी पोलीस ठाण्यात नव्या मालकाचं नाव आणि खलाशांची यादी द्यायची.

नौकेचं नाव बदलायचं असेल तर तो वेगळा अर्ज आहे, वेगळी परवानगी. नवा मालक आपल्या कुलदेवतेचं नाव घालू इच्छितो आणि ते समजण्यासारखं आहे, पण परवानगीआधी रंगाऱ्याला बोलावू नये. मालकी बदलली, परवाना निघाला, विमा झाला, मग नाव. तोवर जुन्याच नावाने, जुन्याच अक्षरांत नौका रंगवावी.

विकणाऱ्याच्या फाइलमध्ये शेवटी चार कागद राहिले पाहिजेत: वेळेसह ताबा पावती, विक्री कराराची सहीची प्रत, बँकेचा उतारा आणि घेणाऱ्याच्या नावाच्या नव्या नोंदणीपत्राची प्रत. हा चौथा कागद घेणाऱ्याकडून मागून घ्यावा लागतो, कार्यालय तो पाठवत नाही. आम्ही शेवटच्या हप्त्यातले २५,००० रुपये त्यासाठीच अडवून ठेवण्याऐवजी उलटं केलं: सुटी चावी, गिअरबॉक्सची मूळ पुस्तिका आणि वायरलेसचे कागद विकणाऱ्याकडेच ठेवले आणि नव्या नोंदणीपत्राची प्रत हातात पडल्यावर दिले. ती प्रत २२ जुलैला आली, त्याच दिवशी चावी गेली.